सायकलची चाचणी की धावण्याची? ट्रायथलॉनवाल्यांनी कोणता आकडा खरा मानायचा?

अजिंक्य_पेडल (सातारा)

मंडळी, पाऊस लागला. यवतेश्वरच्या वळणांवर धुकं उतरलंय, कासच्या वाटेवर समोरची गाडी अगदी जवळ आल्याशिवाय दिसत नाही, त्यामुळे सायकली ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवायचा स्टँड) चढल्यात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गोव्याची ७०.३ (अर्ध-आयर्नमॅन ट्रायथलॉन) करायची असेल तर तयारीचे महिने हेच, आणि तयारी चाचणीपासून सुरू होते.

माझं मत सरळ मांडतो. सायकलची वीस मिनिटांची चाचणी मला भरवशाची वाटते. वॉट (पेडलवर लावलेल्या ताकदीचा आकडा) डोळ्यांसमोर असतात, वारा नाही, खड्डे नाहीत, दुसऱ्या दिवशी पाय कामाला लागतात. धावण्याच्या चाचणीत मात्र रस्ता, ऊन, घड्याळाचा जीपीएस या सगळ्यांवर आकडा हलतो आणि पुढचे दोन-तीन दिवस मांड्या धरलेल्या राहतात. शिवाय ७०.३ मध्ये १.९ किमी पोहणं, ९० किमी सायकल आणि २१.१ किमी धावणं असतं. त्यात निम्म्याच्या आसपास वेळ सायकलवरच जातो.

मग एकच सायकलची चाचणी करावी आणि तिच्यात मिळालेल्या हार्ट रेटवरून धावण्याचेही झोन (सरावाच्या जोराचे टप्पे) काढावेत, यात चूक काय? तुम्हाला कोणती चाचणी नकोशी वाटते, आणि कोणत्या आकड्यावर विश्वास ठेवता?

माणदेशी_वारा (दहिवडी)

चूक आहे, आणि चांगलीच मोठी आहे.

थ्रेशोल्डचा, म्हणजे साधारण तासभर टिकेल अशा कमाल जोराचा, हार्ट रेट खेळागणिक बदलतो. धावताना अख्खं शरीर उभं पेलायचं असतं, हात, पाठ, पोट सगळं कामाला लागतं. सायकलवर वजन सीटवर असतं आणि बहुतेक काम मांड्या व नितंबांचे स्नायू करतात. त्यामुळे बहुतेकांचा सायकलवरचा थ्रेशोल्ड धावण्यापेक्षा ५ ते १० ठोक्यांनी खाली असतो. सायकलवर १६० आला आणि तोच धावण्याला लावला, तर धावण्याचे सगळे झोन खाली घसरतील. टेम्पो (जोराचं पण टिकणारं धावणं) म्हणून जे धावाल ते खरं तर आरामाचं धावणं होईल. उलट केलंत, म्हणजे धावण्याचा १६८ सायकलला लावलात, तर सायकलवर रोज मर्यादेच्या वर जाऊन पाय जाळाल.

हा फरक प्रत्येकाचा सारखाही नसतो. मुळात सायकलिंगमधून आलेल्याचा कमी, मुळात धावपटू असलेल्याचा जास्त. म्हणून ‘सरसकट सात ठोके मिळवा’ हेही चालत नाही. दोन्ही चाचण्या करा.

कृष्णाकाठ (सांगली)

वरच्याशी सहमत. पण धागाकर्त्याने सायकलच्या चाचणीला फार सोपं सर्टिफिकेट दिलंय. ट्रेनरवरचा आकडाही बिघडतो, फक्त तो शांतपणे बिघडतो.

आधी यंत्र. चाकावर रोलर दाबणारा ट्रेनर असेल तर टायरमधली हवा दर वेळी पंपाच्या मीटरवर मोजून तेवढीच भरा, रोलर तेवढेच आटे फिरवून घट्ट करा, आणि दहा मिनिटं चालवून टायर-रोलर तापल्यावरच स्पिनडाउन (ट्रेनरचं कॅलिब्रेशन) करा. थंड असताना केलेलं कॅलिब्रेशन पुढे टायर तापला की चुकतं. क्रँकचा (पेडलच्या दांड्याचा) किंवा पेडलचा पॉवर मीटर असेल तर सायकल खोलीत पंधरा मिनिटं ठेवून मग झिरो ऑफसेट करा, म्हणजे मीटर शून्यावर आणा. बाहेरच्या गारठ्यातून आणून लगेच केलंत तर आतला स्ट्रेन गेज (वाकणं मोजणारं सेन्सर) तापमान बदलताच सरकतो.

एकाच बाजूचा, म्हणजे फक्त डाव्या क्रँकचा मीटर असेल तर तो डाव्या पायाचा आकडा दुप्पट करून दाखवतो. एकूण २०० वॉटमध्ये डावा पाय ५२ टक्के देत असेल तर तो १०४ मोजतो आणि २०८ दाखवतो. दर वेळी तोच मीटर वापरलात तर तुलना जमते. पण मित्राच्या पेडलवर चाचणी दिली आणि स्वतःच्या क्रँकवर शर्यत केली तर हिशेब कोसळतो.

आता कृती. वीस मिनिटं वॉर्मअप, त्यात एकेका मिनिटाचे तीन जोर, कॅडेन्स (मिनिटाला पेडलचे फेरे) १०० च्या पुढे. मग पाच मिनिटं हलकं. मग पाच मिनिटं पूर्ण ताकदीने. ही पाच मिनिटं बहुतेक जण गाळतात आणि तिथेच आकडा फुगतो. तिचं काम आहे तुमचा अल्पकाळ टिकणारा साठा रिकामा करणं, म्हणजे पुढच्या वीस मिनिटांत फक्त टिकाऊ ताकद मोजली जाते. मग दहा मिनिटं हलकं, आणि नंतर वीस मिनिटं. सरासरीला ०.९५ ने गुणायचं. २२० आले तर एफटीपी (साधारण तासभर टिकणारे वॉट) २०९.

वेग कसा धरायचा तर २२० ची अपेक्षा असेल तर पहिली पाच मिनिटं २१२ च्या पुढे जाऊ नका. तिथे कंटाळा आला तरी चालेल. पाच ते पंधरा २२० वर. शेवटची पाच मिनिटं जे उरलंय ते. चाचणी फसते ती जवळजवळ नेहमी पहिल्या तीन मिनिटांत २४०-२५० मारल्यामुळे. ट्रेनरचा ईआरजी मोड (ज्यात ठरवलेले वॉट ट्रेनर स्वतःच धरून ठेवतो) बंद ठेवा, नाहीतर तुम्ही ठरवलेला आकडाच तुम्हाला परत मिळेल.

नवा_त्रिखेळी

वीस मिनिटांच्या नावानेच पोटात गोळा येतो. रॅम्प टेस्ट चालेल का? ती लवकर संपते म्हणतात.

वॉट_वही (कराड)

चालेल, पण ती काय मोजते ते कळून घ्या. रॅम्पमध्ये दर मिनिटाला ठरावीक, बहुतेक ठिकाणी २० वॉट वाढतात. पाय थांबेपर्यंत चालवायचं. शेवटच्या सर्वोत्तम एका मिनिटाच्या ७५ टक्के म्हणजे एफटीपी. २८० वर थांबलात तर २१०. इथे ईआरजी चालू ठेवायचा असतो.

खरा त्रास शेवटच्या तीन-चार मिनिटांचाच, म्हणून ती लोकांना आवडते. वेग धरण्याचं कौशल्य लागत नाही, नवख्यांना हा मोठा फायदा.

अडचण त्या ७५ मध्ये आहे. तो सरासरी माणसाचा गुणक आहे. ज्याचे पाय स्प्रिंटचे, फुटबॉल-कबड्डीतून आलेले, तो शेवटचे दोन टप्पे निव्वळ जोरावर ओढतो आणि त्याचा एफटीपी खऱ्यापेक्षा जास्त निघतो. लांब, संथ धावण्यातून आलेल्याचं उलट होतं. तपासायचं असेल तर रॅम्पनंतर तीन-चार दिवसांनी दोन वेळा वीस मिनिटं, मिळालेल्या एफटीपीच्या ९५ टक्क्यांवर चालवा, मध्ये दहा मिनिटं विश्रांती. दुसरा तुकडा बाराव्या मिनिटाला तुटला तर आकडा जास्तच आहे, मनाला लावून न घेता ५ टक्के कमी करा.

शर्यत करणाऱ्याने वर्षातून दोनदा तरी वीस मिनिटांची द्यावी असं माझं ठाम मत आहे. चार मिनिटं सोसणं आणि वीस मिनिटं सोसणं ही दोन वेगळी कामं आहेत.

यवतेश्वर_चढ (सातारा)

ट्रेनर कशाला? पाऊस उघडला की घाटातच चाचणी द्या. चढावर वॉट आपोआप स्थिर राहतात, पाय मोकळे होतात आणि मन रमतं. बंद खोलीतल्या भिंतीकडे बघत वीस मिनिटं काढण्यापेक्षा खाली सातारा दिसत असताना दिलेली चाचणी कधीही बरी.

फिजिओ_मिरज

धागाकर्त्याने म्हटलेलं मांड्या धरणं हा कंटाळ्याचा मुद्दा नाही, त्यामागे शरीराचं कारण आहे. ते समजलं की धावण्याची चाचणी आठवड्यात कुठे बसवायची हे आपोआप सुटतं.

सायकल चालवताना स्नायू आकसत काम करतात. धावताना पाऊल टेकल्यावर मांडीचा पुढचा स्नायू आणि पोटरी ताणली जात असताना जोर धरतात, म्हणजे ब्रेक लावतात. त्या वेळी वजनाच्या दोन ते तीन पट जोर पायावर येतो. ताणत धरलेल्या जोराने स्नायूच्या तंतूंना बारीक इजा होते आणि दुखणं २४ ते ७२ तासांत वर येतं. त्यामुळे सायकलची चाचणी दिल्यावर दुसऱ्या दिवशी हलकी सायकल आणि तिसऱ्या दिवशी नेहमीचा सराव जमतो, पण धावण्याच्या पूर्ण जोराच्या चाचणीनंतर निदान तीन दिवस वेगाचं काहीही नको.

क्रम असा ठेवा. आठवडा हलक्या सरावाचा असावा. आधी सायकल, मग निदान ४८ तास, मग धावणं. उलटा क्रम लावला तर दुखऱ्या मांड्यांनी सायकलचा आकडा खाली जातो आणि माणूस उगाच घाबरतो.

कोणी धावण्याची पूर्ण जोराची चाचणी देऊ नये हेही सांगते. पोटरी किंवा टाचेच्या वरची कंडरा सकाळी उठल्यावर पहिल्या पावलांना आखडत असेल, नडगीच्या हाडावर बोटाने दाबल्यावर एकाच जागी दुखत असेल, किंवा गेल्या सहा आठवड्यांत आठवड्याला तीन वेळा तरी नियमित धावणं झालं नसेल, तर थांबा. चाळिशीनंतर प्रथमच जोराच्या चाचण्या सुरू करणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना दाखवावं, छातीत दडपण किंवा चक्कर येत असेल तर वय काहीही असो.

सायली_धाव (सातारा)

फिजिओताई, नडगीच्या हाडाचं लिहिलंत ते फार बरं झालं. हे वाचून दहा जण तरी वाचतील.

माणदेशी_वारा (दहिवडी)

आता धावण्याच्या चाचणीची कृती, कारण ‘आकडा हलतो’ ही तक्रार बरीचशी पद्धतीची आहे.

तीस मिनिटं, एकट्याने, शर्यतीच्या मनाने. शर्यतीत किंवा गटात नको, सोबतीला माणूस असला की ओढला जातो आणि आकडा वेगळा येतो. वॉर्मअप १५ मिनिटं, शेवटी २० सेकंदांचे चार वेगवान तुकडे. मग सुरू. दहा मिनिटं झाली की घड्याळाचं लॅप बटण दाबा. शेवटच्या वीस मिनिटांचा सरासरी हार्ट रेट हा तुमचा थ्रेशोल्ड हार्ट रेट. पहिली दहा मिनिटं सोडायची कारण तोवर हृदय वर चढतच असतं. पूर्ण तीस मिनिटांचा सरासरी वेग हा थ्रेशोल्ड वेग. तीस मिनिटांत ६.४ किमी झाले तर किलोमीटरला ४ मिनिटं ४१ सेकंद.

हार्ट रेट मनगटावरचा घेऊ नका. मनगटावरचं सेन्सर पावलांच्या ठेक्याला अडकतं. मिनिटाला १७५ पावलं पडत असतील तर ते १७५ च दाखवत बसतं आणि माणसाला वाटतं हृदय चाललंय. छातीचा पट्टा घ्या, त्याचे इलेक्ट्रोड पाण्याने ओले करा. कोरड्या पट्ट्याचे पहिले पाच मिनिटांचे आकडे वेडेवाकडे येतात.

अंतर मोजायला ४०० मीटरचा ट्रॅक असेल तर फेऱ्या मोजा, घड्याळाचं अंतर विसरा. वळणावर जीपीएस कोपरे कापतो किंवा बाहेर फेकतो. आणि पहिल्याच लेनमध्ये धावा. दुसऱ्या लेनमध्ये फेरीला साधारण सात मीटर जास्त पडतात, सोळा फेऱ्यांत शंभराच्या वर मीटर कुठे गेले ते कळतही नाही.

भरती_ग्राउंड (कोरेगाव)

तीस मिनिटं कशाला एवढा घोळ? आपल्या जिल्ह्यात लहान पोरालाही चाचणी म्हटलं की १६०० मीटर कळतं. चार फेऱ्या, घड्याळ, विषय संपला. पोलीस भरतीत त्यावर गुण मिळतात, सैन्यभरतीत त्यावर निवड होते. अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांच्या पंचक्रोशीत पहाटे उठून हेच चालू असतं.

माणदेशी_वारा (दहिवडी)

@भरती_ग्राउंड, त्या पोरांबद्दल पूर्ण आदर आहे. १६०० मीटरची चाचणी तिच्या कामाला उत्तमच आहे. हजारो मुलं एका मैदानावर, एका दिवसात, कमी खर्चात मोजायची असतात.

पण पाच-सहा मिनिटांच्या जोरात श्वासाची कमाल क्षमता आणि अल्पकाळ टिकणारा साठा यांचा मोठा वाटा असतो. सायकलवरून उतरून पुढे दोन तास धावणाऱ्याला लागते ती चीज वेगळी. १६०० ला चपळ असलेले दोघे २१ किमीला एकमेकांपासून पंधरा मिनिटांनी वेगळे पडू शकतात. आपल्याच माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावल्या. त्या आधी मॅरेथॉनही धावत होत्या. दोन्ही अंतरं एकाच शरीराला जमू शकतात, पण दोन्हींची तयारी आणि मोजणी वेगळी.

वॉट_वही (कराड)

१६०० चा मुद्दा पूर्ण टाकून देऊ नका. तीस मिनिटं ज्यांना जड जातात त्यांच्यासाठी दोन छोट्या चाचण्यांतून तोच आकडा काढता येतो. त्याला क्रिटिकल स्पीड म्हणतात.

एका दिवशी तीन मिनिटं पूर्ण जोराने धावा आणि अंतर लिहा. तीस मिनिटं विश्रांती घेऊन, किंवा दुसऱ्या दिवशी, बारा मिनिटं धावा. समजा ८०० मीटर आणि २७८० मीटर झाले. अंतरांतला फरक १९८०, वेळेतला फरक ५४० सेकंद. १९८० ला ५४० ने भागलं की सेकंदाला ३.६७ मीटर, म्हणजे किलोमीटरला ४ मिनिटं ३३ सेकंद. हा तुमचा टिकाऊ वेग. तीन मिनिटांत या वेगाने ६६० मीटर झाले असते, तुम्ही ८०० गेलात. वरचे १४० मीटर हा तुमचा राखीव साठा. ज्याचा साठा मोठा त्याला १६०० मीटर शोभतं, आणि त्यालाच रॅम्प टेस्ट खोटं सांगते.

सायकललाही हेच गणित. तीन मिनिटं ३०० वॉट आणि बारा मिनिटं २३० वॉट आले तर काम ५४,००० आणि १,६५,६०० जूल. फरक १,११,६०० भागिले ५४०, म्हणजे २०७ वॉट. दोन्ही खेळांना एकाच पद्धतीने मोजायचं असेल तर यापेक्षा न्याय्य रस्ता मला माहीत नाही.

एक इशारा. हा आकडा तीस मिनिटांच्या चाचणीपेक्षा थोडा वर येतो. त्यामुळे एकदा एक पद्धत धरली की हंगामभर तीच ठेवा.

आणि बारा मिनिटं म्हटल्यावर कूपर टेस्ट आठवणारच. केनेथ कूपरची, १९६८ ची. बारा मिनिटांतल्या मीटरमधून ५०४.९ वजा करून ४४.७३ ने भागायचं. २८०० मीटरला ५१.३. हा श्वासाच्या कमाल क्षमतेचा अंदाज, त्यावरून सरावाचे झोन पाडू नयेत.

नवा_त्रिखेळी

घड्याळ धावण्याचेही वॉट दाखवतं की. मग दोन्हीकडे वॉटच वापरले तर?

वॉट_वही (कराड)

सायकलचे वॉट मोजलेले असतात, क्रँक किंवा पेडल किती वाकलं त्यावरून. धावण्याचे वॉट वेग, वजन, चढ आणि पायाची हालचाल यांवरून काढलेला अंदाज असतो. वेगवेगळ्या कंपन्यांची सूत्रं वेगळी, त्यामुळे एकाच माणसाचे दोन यंत्रांवर दोन आकडे येतात. यवतेश्वरसारख्या चढावर धावताना जोर सारखा ठेवायला ते उपयोगी आहेत, कारण तिथे वेग काहीच सांगत नाही. पण धावण्याचे २५० आणि सायकलचे २५० एका तराजूत घालू नका.

कृष्णाकाठ (सांगली)

@यवतेश्वर_चढ यांच्या प्रतिसादाकडे परत येतो, तिथे माझा विरोध आहे.

चढावर बहुतेकांचे वॉट सपाटीपेक्षा जास्त निघतात. चढावर पेडलला सतत विरोध मिळतो, माणूस हँडल वर धरून सरळ बसतो, मधूनच उभा राहतो. गोव्याच्या ९० किलोमीटरमध्ये मात्र तुम्ही एरोबारवर कोपरं टेकून वाकलेले असता. तिथे कंबर आणि मांडी यांच्यातला कोन मिटतो, आणि सवय नसलेल्यांचे त्याच कष्टात ५ ते १० टक्के वॉट कमी होतात. घाटात सरळ बसून २१० काढले आणि शर्यतीत एरोबारवर त्याच्या ८० टक्के धरले, तर प्रत्यक्षात तुम्ही ८५ च्या पुढे चालला आहात. त्याची वसुली धावताना होते.

सांगली-मिरजेकडे असा लांब चढच नाही, ते एका अर्थी बरं. इथे सपाट रस्त्यावर पहाटे एरोबारवर वीस मिनिटं द्यावी लागतात. सिग्नल, गतिरोधक आणि उसाचे ट्रॅक्टर मात्र टाळायला हवेत, त्यामुळे रस्ता आदल्या दिवशी गाडीवरून बघून ठेवावा.

यवतेश्वर_चढ (सातारा)

@कृष्णाकाठ, एरोबारचा मुद्दा मान्य. चढ सरळ बसून मोजला तर तो आकडा चढापुरताच वापरावा.

पण चढाचा एक उपयोग तुम्हालाही मान्य करावा लागेल. सगळ्यांकडे पॉवर मीटर नसतो. चढावर तो लागत नाही, तराजू आणि घड्याळ पुरतं. माणूस, सायकल, बाटल्या, बूट धरून ८५ किलो आणि २५० मीटरची उंची २० मिनिटांत चढलात, तर ८५ गुणिले ९.८ गुणिले २५०, भागिले १२०० सेकंद. निव्वळ उंची चढायला १७४ वॉट. वर टायरच्या घर्षणाचे वीसेक आणि ताशी १५ किमीच्या आसपास हवेचे पंधरा-सोळा, म्हणजे सुमारे २१०. चढ जितका उभा तितका हा अंदाज खरा, कारण हवेचा वाटा कमी होतो. दर सहा आठवड्यांनी तोच चढ, त्याच टायरच्या हवेने, वारा पडलेला असताना. उंची नकाशावरून एकदाच ठरवा, घड्याळातली रोज बदलते.

फक्त पाचगणी-महाबळेश्वरच्या आकड्याशी साताऱ्याचा जुळवू नका. महाबळेश्वर सुमारे १३५० मीटरवर आहे, तिथे तोच माणूस थोडा कमी वॉट देतो.

सायली_धाव (सातारा)

हार्ट रेटवर एवढी चर्चा झाली म्हणून बायकांच्या बाजूने एक मुद्दा. पाळीच्या आधीच्या दिवसांत शरीराचं तापमान किंचित वाढलेलं असतं आणि तेवढ्याच कष्टाला हार्ट रेट काही ठोक्यांनी वर दिसू शकतो. एक चाचणी पाळीनंतरच्या आठवड्यात आणि पुढची पाळीच्या आधी दिली, तर तुलना लंगडी होते. सहाऐवजी चार किंवा आठ आठवड्यांचं अंतर ठेवलं तर नियमित पाळी असणाऱ्यांना तोच टप्पा सापडतो. चाचणीच्या नोंदीत पाळीचा दिवस लिहून ठेवा.

आणि पंखा! पावसाळ्यात खोलीत दमट हवा असते, घाम वाळत नाही, उष्णता अंगात साठते. घामाने रक्तातलं पाणी कमी झालं की हृदयाच्या एका ठोक्यात कमी रक्त पुढे जातं, मग ठोके वाढतात. वॉट तेच, हार्ट रेट चढत जातो. छताचा पंखा पुरत नाही. उभा पंखा छातीच्या उंचीवर, समोरून, दोन हातांच्या अंतरावर. एकदा पंख्याने आणि एकदा बिनपंख्याने दिलेल्या चाचण्या या दोन वेगळ्या चाचण्या आहेत.

तीन_काठ (सातारा)

प्रश्न असा आला की कोणता आकडा खरा. मी म्हणेन, शर्यतीत जिथे लागतो तिथला.

ताजेतवाने असताना तीस मिनिटांच्या चाचणीत किलोमीटरला ४:४१ चा वेग निघाला. निव्वळ अर्ध मॅरेथॉनला तोच माणूस साधारण ४:५५ ने जाईल. ९० किलोमीटर सायकल करून उतरल्यावर, सायकल जपून केली असेल तर, ५:१० ते ५:२५. गोव्याच्या दमट उन्हात आणखी हळू. हे शेवटचे आकडे कोणतीही ताजी चाचणी देत नाही. म्हणून शर्यतीच्या पाच-सहा आठवडे आधी तिसरी चाचणी करा. सायकल दोन तास, त्यातला शेवटचा एक तास एफटीपीच्या ७५ ते ८० टक्क्यांवर, एरोबारवर. उतरून पाच मिनिटांत बूट बदलून ४० मिनिटं धावणं, ठरवलेल्या शर्यतीच्या वेगाने. हा जोराचा प्रयत्न नाही, तपासणी आहे.

बघायचं एवढंच की वेग तोच ठेवून पहिल्या आणि दुसऱ्या वीस मिनिटांत हार्ट रेट किती चढतो. पाच टक्क्यांच्या आत असेल तर सायकलचे वॉट बरोबर आहेत. दहाच्या पुढे गेला तर धावणं कच्चं आहे असं लगेच म्हणू नका, आधी सायकल ५ टक्क्यांनी हलकी करून पुन्हा बघा, आणि सायकलवर तासाला किती खाल्लं-प्यायलं तेही तपासा. बहुतेक वेळा दोष तिथेच असतो.

कुठली नकोशी वाटते या प्रश्नाला उत्तर देतो. सायकलच्या चाचणीत पाय आधी हरतात आणि मन बघत राहतं. धावण्याच्या चाचणीत पंधराव्या मिनिटाला मन हरतं, पाय चालू असतात. ट्रायथलॉनवाल्यांना सायकलची आवडते कारण तिथे थांबलं तरी पडत नाही. धावण्याची टाळली जाते. पण शर्यतीचा निकाल शेवटच्या दहा किलोमीटरमध्ये लागतो, म्हणून टाळली जाणारी जास्त जपून करावी.

रानवाट (वाई)

पोहणं विसरलात सगळे. ४०० आणि २०० मीटर पूर्ण जोराने, मध्ये दहा मिनिटं विश्रांती. ४०० ला ८ मिनिटं, २०० ला ३:४५ लागले तर फरक २५५ सेकंद, म्हणजे शंभराला २:०७. हा क्रिटिकल स्पीडचाच भाऊ. यातून दुसऱ्या दिवशी सायकलच्या चाचणीला काही फरक पडत नाही, तेव्हा त्याच आठवड्यात बसतं. पाण्यात उडी मारून नाही, भिंतीला ढकलून सुरुवात करा, दोन्ही वेळा.

अजिंक्य_पेडल (सातारा)

सगळ्यांचे मनापासून आभार. सायकलच्या हार्ट रेटवरून धावणं काढायचा विचार सोडला. आठवडा असा लावतोय, तपासून सांगा. सोमवारी विश्रांती. मंगळवारी पोहण्याची चाचणी. बुधवारी सायकल, एरोबारवर, आधीच्या पाच मिनिटांच्या जोरासकट. गुरुवारी हलकं पोहणं. शुक्रवारी ३० मिनिटं आरामात धावणं. शनिवारी पहाटे सहाला तीस मिनिटांची धावण्याची चाचणी. रविवारी हलकी सायकल.

फिजिओ_मिरज

छान. दोन बदल. शुक्रवारचं धावणं वीस मिनिटांवर आणा आणि त्यात २० सेकंदांचे तीन-चार मोकळे वेगवान तुकडे घाला, पाय जागे राहतात. आणि पुढचे सोमवार-मंगळवार धावणं अजिबात नको. शनिवारी चाचणीसाठी नवे बूट काढू नका, निदान ५० किलोमीटर धावलेलेच घाला. कार्बन प्लेटचे बूट शर्यतीत घालणार असाल तर चाचणीही त्यातच द्या आणि नोंदीत लिहा, साध्या बुटांच्या आकड्याशी त्याची तुलना होत नाही.

सायली_धाव (सातारा)

शुक्रवारी रात्री नेहमीचं जेवण, तिखट रस्सा नको. पहाटे सहाला चाचणी असेल तर पाचच्या आत एक केळं किंवा दोन खजूर आणि पाणी, बस. कॉफी रोज घेत असाल तर घ्या, नसाल तर त्या दिवशी सुरू करू नका.

अजिंक्य_पेडल (सातारा)

नोंद केली. शनिवारी जोराचा पाऊस लागला तर ट्रेडमिलवर देऊ का?

माणदेशी_वारा (दहिवडी)

नको. ट्रेडमिलचा पट्टा प्रत्येक मशीनवर वेगळा पळतो, कित्येकदा दाखवतो त्यापेक्षा हळू. समोरून हवा लागत नाही म्हणून हार्ट रेटही वेगळा येतो. चाचणी रविवारवर ढकला आणि हलकी सायकल सोमवारवर. रविवारीही कोसळत असेल तर पुढच्या शनिवारी. आठवडाभराने काही बिघडत नाही.